टायमिंग बेल्ट बदलताना सापडलेला गळका वॉटर पंप : वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय.

विषय : वॉरंटीच्या काळात कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असल्याची नोंद असूनही कारण न शोधल्याबद्दल आणि आता वॉटर पंपाचा खर्च माझ्यावर टाकल्याबद्दल.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुण्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी माझी डिझेल गाडी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनच्या तालात व्हॉल्व्ह उघडत-मिटत ठेवणारा दातेरी पट्टा, बदलायला दिली होती. गाडीला काही झाले नव्हते. मॅन्युअलमध्ये दिलेली किलोमीटरची मर्यादा जवळ आली होती आणि आई-वडील कराडला असल्याने हायवेवर माझे जाणे-येणे बरेच असते, म्हणून काम वेळेआधीच करून घ्यायचे ठरवले.

बेल्टचे कव्हर उघडल्यावर मेकॅनिकने मला आत बोलावून घेतले. इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बॉडीला खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. आतले सील गळू लागले की कूलंट तिथून बाहेर यावे आणि बघणाऱ्याला कळावे, एवढ्यासाठीच ते ठेवलेले असते. त्या छिद्रापासून खाली गुलाबी ओघळ वाळून मिठासारखा खरखरीत थर जमला होता. बेल्ट उतरवल्यावर पंपाची पुली मी स्वतः दोन बोटांत धरून हलवली. ती जागच्या जागी डुगडुगत होती. काढलेला बेल्टही मी नीट पाहिला. त्याच्या पाठीवर भेगा नव्हत्या, दात शाबूत होते, पण एका कडेचे दोरे सुटायला लागले होते. पुली तिरकी फिरत असल्याने बेल्ट एका बाजूला घासत होता, असे मेकॅनिकने सांगितले. बेल्टचे आयुष्य संपले म्हणून तो खराब झालेला नव्हता. पंप त्याला खात होता.

या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. पंपाचे बेअरिंग जाम झाले असते, तर बेल्टचे दात सोलले गेले असते किंवा तो तुटला असता. मग व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. खर्चाचे एक वेळ सोडा. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही या इंजिनात कॅमशाफ्टवरच फिरतो. कराडहून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे आणि तिथे ब्रेक न लागल्याने कसे अपघात होतात, हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्या उतारावर मागे भरलेला ट्रक असताना इंजिन बंद पडले असते तर, हा विचार तो पंप हातात घेतल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गाडीत माझी मुले असतात.

आता मुख्य मुद्दा. कूलंट कमी होते, हे मी आपल्या सर्व्हिस सेंटरला आधीच सांगितले होते. त्यांच्याच लागोपाठच्या जॉब कार्डांवर ‘कूलंट लेव्हल कमी, टॉप-अप केले’ असे लिहिलेले आहे आणि ती सगळी कार्डे एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असतानाची आहेत. मी कारण विचारले तेव्हा ‘उन्हाळ्यात थोडे कमी होतेच’ असे उत्तर मिळाले. कूलंट काही डिझेलसारखे जळून संपत नाही. ते बंद सर्किटमध्ये फिरते. पुन्हा पुन्हा पातळी उतरते, म्हणजे ते कुठून तरी बाहेर जाते. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करायला हातपंप आणि गेज पुरते. वरचे कव्हर सोडवून टॉर्चने पाहिले असते तरी गळतीचा माग लागला असता. यातले काहीच केले नाही, आणि भरलेल्या कूलंटचे पैसे मात्र दर वेळी घेतले.

आज मला सांगितले जाते की वॉरंटी संपली आहे आणि पंप खराब होणे हे ‘वेअर अँड टेअर’, म्हणजे वापराने होणारी नेहमीची झीज, आहे. पहिले कारण मला मान्य नाही. बिघाड सापडला आज, पण तो सुरू कधी झाला हे आपल्याच जॉब कार्डांवर तारखेनिशी आहे. दुसऱ्या कारणाबद्दल एवढेच विचारतो : पंप बेल्टबरोबर झिजणारच असेल, तर मला दिलेल्या एस्टिमेटमध्ये फक्त बेल्ट आणि त्याला ताणून धरणारे नि वळवणारे टेन्शनर आणि आयडलर का होते? शिवाय बेल्ट उतरवलेलाच असताना पंप बदलायला काही बोल्ट सोडवणे एवढेच काम उरते. त्यासाठी बिलात वेगळी पूर्ण मजुरी लावली आहे.

ज्या मेकॅनिकने हे दाखवले त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, उलट मी त्याचा आभारी आहे. माझ्या या पत्रामुळे त्याला त्रास होऊ नये, ही कळकळीची विनंती.

वॉटर पंप, कूलंट आणि पंपाची वेगळी मजुरी, एवढी रक्कम मला परत मिळावी. नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावे. काउंटरवरचे तोंडी उत्तर मला नको. आणि ज्या गाडीच्या कार्डावर कूलंट दुसऱ्यांदा कमी दिसेल, तिची प्रेशर टेस्ट केल्याशिवाय ती ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, अशी सूचना आपल्या सर्व सर्व्हिस सेंटरना द्यावी. पैशांइतकीच ही मागणी मला महत्त्वाची वाटते, कारण माझ्यासारखेच टॉप-अप करून घरी गेलेले आणखी किती जण याच रस्त्यांवर गाडी चालवत असतील.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

काढलेला पंप आणि जुना बेल्ट मी सेंटरमधून मागून घेतला आहे. आपल्या तंत्रज्ञाने माझ्या घरी येऊन दोन्ही वस्तू तपासाव्यात, फोटो काढावेत. प्रकरण मिटेपर्यंत त्या मी कोणाच्या ताब्यात देणार नाही.

आपला,
गाडीमालक, वारजे, पुणे

सोबत : जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल आणि पंपाचे फोटो यांच्या प्रती