तंद्री नव्हती ती, आकडी होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून आला की तुमच्या पेपरात मुलांची एकाग्रता, मोबाइलचं वेड, अभ्यासाच्या सवयी यावर खूप छापून येतं, मी वाचतो पण. पण एकाग्रता नाही म्हणून ज्यांना आपण बोलणी घालतो त्यातल्या काही मुलांना चक्क आकडी येत असते हे मात्र मी कुठे वाचलं नाही, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी दुसरीत होती. डायरीत सारखा शेरा, वर्गात लक्ष नसतं, हाक मारली तरी ओ देत नाही. घरी पण तेच, जेवताना घास हातात धरून नुसती बघत बसायची, आठ-दहा सेकंद, आणि मग काही झालंच नाही अशी पुढे जेवायला लागायची. आम्ही काय केलं, टीव्ही बंद केला, क्लास लावला, आणि एकदा मी पाठीत धपाटा घातला. ते आठवलं की आजही पोटात तुटतं. सहा-सात महिने असे गेले, मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पेडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, व्हिडिओ काढलाय का? नव्हता काढला. मग तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं, म्हणाल्या फुंकर मारत राहा बेटा, थांबायचं नाही. दोनेक मिनिटं ती जोरजोरात फुंकत होती आणि एकदम भिरभिरं थांबलं. डोळे उघडे, पापण्या फडफडतायत, आणि हाक मारली तर उत्तर नाही. थोड्या वेळाने परत फुंकायला लागली. याला ॲब्सेन्स सीझर म्हणतात, बहुतेक 4 ते 10 या वयात सुरू होतो, दिवसातून कितीतरी वेळा येतो, आणि मूल पडत नाही, फेस येत नाही म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. नुसत्या तंद्रीतलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं, हे येत नाही, आणि बोलता बोलता, खेळता खेळता मधेच थांबतं. ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीसाठी, डोक्याला तेल न लावता आणि रात्री उशिरापर्यंत जागवून आणायला सांगितलं, त्यात दिसलंच. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत डायरीतले शेरे थांबले. मॅडम म्हणाल्या बऱ्याच मुलांचा हा त्रास मोठेपणी जातो, फक्त औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही.

त्या ओपीडीत इंदापूरकडचं एक जोडपं भेटलं, सात महिन्यांचं बाळ. झोपेतून उठलं की मान पुढे झुकायची, हात पसरायचे, एकामागोमाग एक असे दचकल्यासारखे झटके. घरचे म्हणाले गॅस असेल, नजर लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. बाळ हसायचं पण विसरलं होतं. शेवटी मावशीने मोबाइलवर शूट करून गावातल्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. हा इन्फंटाइल स्पाझम. यात उपचाराला जितका उशीर तितकं बाळाच्या वाढीचं नुकसान होतं. त्या मावशीचं मला फार कौतुक वाटलं.

आणि तापातली आकडी. ती तर 6 महिने ते 5 वर्षांच्या 100 मुलांत 2 ते 5 जणांना येते, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि त्याने मेंदू खराब होत नाही. पण आपल्याकडे अजून कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, दातात चमचा घालतात. आमच्या सोसायटीत माझ्या डोळ्यांदेखत हे झालंय. कृपा करून तोंडात काही घालू नका, पाणी पण नाही. कुशीवर वळवा, कपडे सैल करा, एकाने घड्याळ बघा, दुसऱ्याने व्हिडिओ काढा. 5 मिनिटं झाली आणि थांबली नाही तर 108 ला फोन. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच. परत परत येत असेल तर नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे घरी ठेवायला देतात, तो कसा वापरायचा हे आजीला पण शिकवून ठेवा.

आम्हाला नातेवाइकांनी सांगितलं, मुलीची जात आहे, शाळेत बोलू नका. अहो, अपस्माराच्या, म्हणजे अशा परत परत येणाऱ्या आकडीच्या, कारणावरून लग्न रद्द करायची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून 1999 सालीच काढली आणि आपण अजून लपवतोय! आम्ही सांगितलं शाळेत. नवीन बाई आता वहीत तारीख-वेळ लिहून ठेवतात, त्याचा डोस ठरवायला उपयोग होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांना तपासायला येतात, चांगली गोष्ट आहे, पण दहा सेकंदांची आकडी त्यांच्यासमोरच येईल असं थोडीच आहे, ती रोज बघणार बाई आणि सेविकाच. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि खासगी शाळांनी पहिल्या पालकसभेत अर्धा तास यासाठी ठेवावा.

17 नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, तेव्हा तुम्ही काहीतरी छापालच. पण शाळा जूनमध्ये उघडतात. तेव्हाच एक चौकट छापा ना.

आपला,
एक पालक, सिंहगड रोड, पुणे