काकू, तयार काय आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठकुठल्या शिबिरांत घालता येईल, याची फीसकट यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली होती. मी ती सगळी वाचली आणि मग त्याच पानात एका गिऱ्हाइकाला पाव किलो मणी बांधून दिले. राग मानू नये, दुकानात रद्दी लागतेच.

माझं कोरेगावात स्टेशनरीचं दुकान आहे. यजमान गेल्यापासून, म्हणजे २६ वर्षं, गल्ल्यावर मीच बसते. वह्या, कंपासपेट्या आणि मुलांच्या 'प्रकल्पां'चं सगळं सामान ठेवते. मी काही बालमानस शिकलेली नाही. काउंटरच्या अलीकडून जे दिसतं तेवढं लिहिते.

रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, शटर मी अर्धं खाली घेतलेलं असतं. त्याखालून वाकून एक बाबा आत येतात. "काकू, जलचक्र आहे का? तयार?" असतं. १८० रुपये. सनबोर्डवर निळा कागद, उठावाचे डोंगर, कापसाचे ढग, छापील बाण. मागे उभा असलेला मुलगा विचारतो, "बाबा, ढग मी चिकटवू?" बाबा म्हणतात, "अरे, ते चिकटवलेलेच आहेत." मी पिशवीत घालून देते. दुसऱ्या दिवशी त्या जलचक्राला सुबकतेचे गुण मिळतात, म्हणजे खरं तर मला मिळतात. एकदा तर मी विकलेलंच जलचक्र दोन वर्षांनी धाकट्या भावाच्या हातात शाळेकडे निघालेलं पाहिलं. ढग काळे पडले होते. पाऊस जवळ आला म्हणायचा.

हसू येतं, पण त्या पोराचा ढग गेला तो गेलाच.

आता माझ्या घरातलं सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल बाई दुसऱ्यांवरच घसरल्या. २००३ची दिवाळी. मुलगी चौथीत होती. शाळेनं आकाशकंदील करून आणायला सांगितला होता. तिनं चांदणी धरली. ज्यांनी केली असेल त्यांना ठाऊक आहे, चांदणी दिसते तशी सोपी नाही. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, टोकं एकमेकांना दोऱ्यानं आवळायची आणि मधल्या पाच जोडांत आखूड कामट्या अडकवून पोट फुगवायचं. मैद्याची खळ आम्ही दोघींनी शिजवली. गार पाण्यात मैदा कालवून, गुठळ्या मोडून, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत. (बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, पोरांच्या खळीत घालू नये.) पुढचं सगळं तिनं एकटीनं केलं. एका जोडातली आखूड कामटी निसटली, त्यामुळे एक पाकळी बसकी राहिली. पतंगी कागदाला खळ जास्त लागली, तो सुरकुतला. शेपट्या एक लांब, एक आखूड. रात्री ती झोपली आणि मी तो कंदील हातात घेतला. दुकानदारणीच्या मुलीचा कंदील असा जाणार? लोक काय म्हणतील? बारा वाजेपर्यंत बसून मी कागद काढला, कामटी बसवली, नवा कागद ताणून लावला, शेपट्या कातरल्या.

सकाळी ती उठली, कंदिलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हा कुणाचा?"

शाळेत त्याला पहिला नंबर आला. बक्षिसाची पेन्सिलपेटी तिनं कधी वापरली नाही. पुढे हस्तकलेचं काहीही आलं की ती सरळ म्हणायची, "आई, तू कर." आज ती पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, आमचं छान चाललंय, मोठं काही बिघडलं नाही. पण ते "आई, तू कर" मी शिकवलं.

म्हणून मला शिबिरांच्या यादीची चिंता नाही आणि कौतुकही नाही. घरात मूल काही करायला बसलं की आपण किती वेळ हात मागे बांधून बसू शकतो, तेवढाच प्रश्न आहे. मला दहा मिनिटंही जमलं नव्हतं.

सामानाचं म्हणाल तर दुकानदार असून सांगते, फार काही लागत नाही. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं ते शंख-शिंपले, खडे, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवर. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांतून चौकोन, त्रिकोण, घरं उभी केली. आयआयटीत शिकलेला माणूस १९७८ साली होशंगाबादच्या खेड्यांत गेला आणि पोरांना कचऱ्यातून खेळणी करायला शिकवू लागला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच २०१८मध्ये आपल्याकडे थर्माकोलवर बंदी आली. मला वाटलं, आता तरी पुठ्ठा आणि माती परत येईल. कशाचं काय! फोमशीट आली, सनबोर्ड आला, ग्लूगन आली. आता तर डब्यात सगळे तुकडे कापून, त्यांवर आकडे छापून येतात. एकवर एक ठेवा, दोनवर दोन ठेवा, झाला हत्ती. सगळ्या वर्गाचे हत्ती एकाच जंगलातले.

एक मात्र विकत घ्या, ती म्हणजे बरी कात्री. बालवाडीसाठी मिळते ती प्लॅस्टिकची कात्री कागद चावते, कापत नाही. पुठ्ठा तर सोडाच. पोरगं दोनदा प्रयत्न करतं, मग रडतं, आणि आपण म्हणतो, याला आवड नाही. टोक गोल पण पातं धारेचं, अशी कात्री घ्या आणि शेजारी बसा. हात न लावता.

शिक्षकांनाही एक विनंती. कार्यानुभव वर्गातच करून घ्या. माझ्याकडे एक जिल्हा परिषदेच्या बाई येतात, स्वतःच्या पैशानं कार्डशीट आणि खळीसाठी मैदा नेतात. मुलांचं काम शाळेतच होतं, घरी काही जात नाही, त्यामुळे घरचे हात त्याला लागत नाहीत. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवरचे मोर मी पाहिलेत. एक कोंबडीसारखा होता, एकाला तीन पाय होते. बाईंनी सगळे लावले होते.

मी तयार मॉडेलं विकणं बंद केलं का? नाही केलं. पोट आहे, आणि मी नाही दिलं तर पुढच्या चौकात मिळतं. पण गेल्या गणपतीपासून काउंटरखाली एक खोका ठेवलाय. कागदाच्या कातरणीच्या पट्ट्या, वह्यांच्या गठ्ठ्याचे पुठ्ठे, मिठाईच्या खोक्याचे दोरे, तुटकी बटणं. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, पैसे नाहीत. मोठी माणसं त्याला केराचा डबा समजून त्यात पावत्या टाकतात. पोरांना न सांगता कळलं.

चौथीतला एक मुलगा उदबत्तीचं खोकं आणि चार बटणं घेऊन गेला. तीन दिवसांनी एसटी घेऊन आला. लाल रंग बहुधा आईच्या कुंकवाचा असावा, हाताला लागत होता. पाटीवर 'कोरेगाव-सातारा', त्यातला 'व' उलटा. पुढची चाकं फिरत नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोच म्हणाला, "काकू, हिचं स्टिअरिंग जाम झालंय, डेपोत न्यायची आहे." आणि परत खोक्यात हात घालून काडी शोधायला लागला.

शेवटी आपल्याकडे एक मागणं. दरवर्षी दिवाळीनंतर आपण किल्ला स्पर्धेतल्या बक्षीसपात्र किल्ल्यांचे फोटो छापता. सुरेख असतात. त्यांतल्या काहींवर बुरुजाच्या प्लास्टरला गवंड्याचा हात लागलेला मला इथूनही दिसतो. यंदा एखादा बिनबक्षिसाचाही छापा. आमच्या दुकानामागच्या बोळात तिघा पोरांनी विटा, दगड आणि गोणपाटावर किल्ला चढवलाय. काल रात्रीच्या पावसानं त्याची एक बाजू खचली, ती ते आज सकाळपासून चहाच्या गाळणीनं माती चाळून भरतायत. गाळणी माझी आहे. अळीव परवा पेरलाय. छायाचित्रकार पाठवणार असाल तर दोन दिवस थांबून पाठवा, तेवढ्यात उगवेल.

आपली,
एक स्टेशनरी दुकानदार,
कोरेगाव, जि. सातारा