जांभळाच्या बियांची बरणी

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरची जांभळाच्या बियांच्या चूर्णाची बरणी तुम्ही शोधत असाल, तर आता शोधू नका. वर्ध्याहून निघताना ती मीच पिशवीत घालून पुण्याला आणली. न सांगता आणली याची मला लाज वाटते आहे. पण सांगितले असते तर बाबांनी ती दिली नसती आणि आईने आम्हा दोघांच्या मध्ये उभे राहून डोळे पुसले असते, हे आपण तिघेही जाणतो.

बाबा, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१ वरून ९.२ वर गेली ती चूर्णामुळे नव्हे, तर चूर्णाच्या भरवशावर तुम्ही रात्रीची गोळी सोडून दिल्यामुळे. जांभळाच्या बियांनी उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे, माणसांवरचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. शिवाय त्या पाकिटावर घटकांची यादीच नव्हती, आणि अशा चूर्णांत साखरेची ॲलोपॅथीची औषधे गुपचूप मिसळलेली आढळल्याचे प्रकार पूर्वी घडले आहेत. आजोबांच्या पायाचे जे झाले ते आठवले की मला रात्री झोप लागत नाही.

याचा अर्थ मी बियांच्या विरुद्ध आहे असे कृपा करून समजू नका. मेथीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने रुग्णांना प्रत्यक्ष खायला घालून अभ्यास केला आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर तेल काढलेल्या मेथीची पूड दिवसाला १०० ग्रॅम दिली होती, आणि तुम्ही सकाळी मोजून दहा दाणे गिळता! आई, भिजवलेल्या मेथीचा जो बुळबुळीतपणा तुझ्या बोटांना लागतो, तोच तिचा गुण आहे. तो विरघळणारा तंतू पोटात फुगतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरू देतो. म्हणून मेथी अवश्य खावी, परंतु गोळीच्या जोडीने खावी. प्रमाण वाढवायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, कारण गोळी आणि मेथी मिळून साखर फार खाली जाऊ शकते; बाबांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणामही मेथी वाढवू शकते.

तुझ्यासाठी, आई, मला जवस अधिक भरवशाचे वाटते. कॅनडात केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ११० रुग्णांपैकी ज्यांना रोज ३० ग्रॅम दळलेले जवस दिले, त्यांचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दहाने कमी होता. जवस अख्खे गिळले तर बरेचसे न पचताच बाहेर पडते, त्यामुळे ते भाजून कुटावेच लागते. हे आजीला कोणी शिकवले होते कोण जाणे. तव्यावर जवस तडतडू लागले की मी ओट्याला नाक लावून उभी राहायची आणि ती पहिला चिमूटभर कूट माझ्या तळहातावर ठेवायची. आजही जवस भाजले की माझा तळहात आपोआप पुढे होतो.

आता ऐका, आणि यात वाद नको. रात्रीची गोळी आजपासून पुन्हा सुरू करायची. मी डॉक्टरांशी बोलले आहे आणि पुढच्या शनिवारची वेळही घेतली आहे. मी शुक्रवारीच येते, त्यामुळे बाबांना एकट्याने रांगेत बसावे लागणार नाही. इसबगोल मोठा पेला भरून पाण्यासोबतच घ्यायचा आणि गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवायचा. घाम सुटला किंवा हात थरथरू लागले तर आधी साखरपाणी घ्यायचे आणि मग मला फोन करायचा. बाबांचा दुपारचा चहा मी बंद करणार नाही, साखर तेवढी वगळावी. आईच्या गुडघ्यांसाठी शेकण्याची पिशवी आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या पार्सलने पाठवल्या आहेत.

बाबा, तुम्ही फसलात असे मी मनातही आणलेले नाही. आम्हाला तुमच्या गोळ्यांचा खर्च नको म्हणून तुम्ही हे करत होता, हे आईने मला सांगितले. तिच्यावर रागावू नका. तो खर्च मला जड नाही.

बरणी घासून, उन्हात वाळवून, तिच्यात कमी मिठाची जवसाची चटणी भरली आहे. शुक्रवारी घेऊन येते. झाकण सैल झाले आहे, ते बाबांनीच बसवावे.

तुमची लाडकी,
ताई