काकू, डोंबिवलीचं घर ठेवलंय

ती. काकूंना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहून मानते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण निवृत्तीनंतर मुलाकडे कायमचं जावं की नाही, या विचारात रात्र रात्र जागणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडावं.

आपली ओळख कॅनडातल्या मिसिसागाच्या स्क्वेअर वन मॉलमधली. जानेवारी महिना, बाहेर उणे चौदा. सून ऑफिसला जाताना मला चालायला तिथे सोडायची. मी बाकावर बसले होते आणि मांडीवरच्या कापडी पिशवीवर डोंबिवलीच्या साडीच्या दुकानाचं नाव होतं. ते वाचून तुम्ही विचारलंत, "पूर्वेला की पश्चिमेला?" महिन्याभरात घराबाहेर कानावर पडलेलं ते पहिलं मराठी वाक्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही ते पाहिलंत आणि काही न बोलता पर्समधून आवळासुपारीची डबी काढून पुढे केलीत.

नातू केवढा, इथे करमतं का, हे सगळेच विचारत. तुम्ही विचारलंत, "बीपीची गोळी घेतेस ना? डोस शेवटचा कधी बदलला?" ऑक्टोबरमध्ये, डॉक्टरांनी वाढवून दिला होता. तुम्ही म्हणालात, "आज घरी गेलीस की विम्याचा कागद काढ."

सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या आईवडिलांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आधार नसतो. किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी विमा काढावा लागतो आणि तो काढला की आपण निर्धास्त होतो. त्या रात्री मुलाने आणि मी आमची पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. जुनं दुखणं 'स्थिर' असेल तरच भरपाई, आणि स्थिर म्हणजे आधीचे १८० दिवस औषधात काहीही बदल नाही. माझा डोस निघायच्या दोनच महिने आधी वाढला होता. मला काही झालं असतं तर ते बिल मुलाच्या घरावर आलं असतं. कागद हातात धरून तो कितीतरी वेळ गप्प बसला होता.

मग मंगळवार-गुरुवार आपलं ठरूनच गेलं. तुम्ही म्हणायचात, "हिवाळ्यात आलीस ते बरं केलंस. जूनमध्ये येऊन फुलं बघून जाणाऱ्याला हा देश कळत नाही." खरंच होतं ते. पाचच्या आत अंधार पडायचा, नातू शाळेतून येईपर्यंत घरात फ्रिजचा तेवढा आवाज. तुम्ही मला एकटीने बसने लायब्ररीत जायला लावलंत. मी चुकीच्या बाजूच्या स्टॉपवर वीस मिनिटं कुडकुडत उभी राहिले, पण गेले आणि परतही आले. इथे राहायचं तर आपले पाय आपल्याला हवेत, हे मला त्या दिवशी पटलं.

पण काकू, ज्यासाठी मी जन्मभर ऋणी राहीन ती गोष्ट वेगळीच आहे. मुलाची इच्छा होती की डोंबिवलीचा फ्लॅट विकावा, ते पैसे घालून तिकडे मोठं घर घ्यावं, खाली माझ्यासाठी वेगळी खोली. त्याने हे मायेने सुचवलं होतं आणि माझंही मन जवळपास तयार झालं होतं. तेव्हा तुम्ही मला नाशिकची गोष्ट सांगितलीत. तुम्ही दोघं कॅनडाला गेलात त्याच वर्षी तिथलं घर विकलंत. चार वर्षांनी काका गेले. अस्थी घेऊन तुम्ही रामकुंडावर आलात आणि ज्या गावात चाळीस वर्षं संसार केला तिथे लॉजमध्ये उतरलात. "रजिस्टरमध्ये पत्ता लिहायचा होता," तुम्ही म्हणालात, "आणि मी पेन धरून बसले." एवढं सांगून तुम्ही चहाचा कप उचललात. माझ्या मुलाबद्दल वावगा शब्द एकदाही काढला नाहीत. उलट म्हणालात, "मुलगा चांगला आहे म्हणूनच जपून ठरव. वाईट असता तर ठरवणं सोपं होतं."

मी परत आल्यावर निमंत्रण आलं. मुलाने २०२० साली आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी फॉर्म भरून ठेवला होता, त्यात आमचा नंबर लागला. अर्जाला जेमतेम दोन महिने. त्या दोन महिन्यांत तुम्ही फोनवर माझ्याकडून कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब करून घेतलात, तो कागद अजून जपून ठेवला आहे. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहायला हवं, म्हणजे वर्षाला १४६. मी खूश झाले तर तुम्ही थांबवलंत: ओंटारियो या तिथल्या प्रांताची आरोग्यसेवा हवी तर वर्षात १५३ दिवस तिथे हवेत, आणि पहिला मुक्काम तर जवळजवळ सलगच. म्हणजे इकडे २१२ उरतात. भारताच्या आयकरात निवासी राहायला १८२ पुरतात, पण आपलं आयकराचं वर्ष एप्रिलपासून धरतात, तो सांधा सांभाळ. खरोखरच अनिवासी झालीस तर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, होईल, ठेवींच्या व्याजावर ३० टक्के आधीच कापले जातील, व्याजावर कर कापू नका म्हणून ज्येष्ठ देतात तो फॉर्म चालणार नाही, पोस्टात ज्येष्ठ नागरिकांचं नवं खातं उघडता येणार नाही. "यातलं काय तुला लागू होतं ते सीएला विचार, माझ्यावर जाऊ नकोस." आणि मुलाला वीस वर्षं आईच्या खर्चाची हमी लिहून द्यावी लागते, हेही तुम्हीच सांगितलंत. "तो सही करेल. पण कशावर करतोय ते तूही वाच."

काकू, अर्ज गेला आहे. मंजूर झालाच तर मे ते ऑक्टोबर नातवाकडे, दिवाळीला घरी. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला स्वतः जाऊन देता येईल. फ्लॅट विकणार नाही हे मी मुलाला सांगितलं. तो दोन दिवस कमी बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आई, बाबांची खुर्ची आहे ना अजून गॅलरीत?" मी म्हटलं, आहे.

तुम्ही काकांच्या श्राद्धाला यायचं म्हणता आहात. मी त्या वेळी तिकडे असले तर किल्ली समोरच्या बिऱ्हाडात ठेवलेली असेल, त्यांना सांगून ठेवलं आहे. गॅस कुठून सुरू करायचा, पाणी किती वाजता येतं, सगळं फ्रिजवर लिहून ठेवते. दोन दिवस आराम करा, मग कल्याणहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. आणि नाशिकला लॉजच्या रजिस्टरमध्ये पत्ता विचारलाच, तर आमचा डोंबिवलीचा लिहा.

तुमची,
पूर्वेची डोंबिवलीकर