ध्वनिमुद्रण कुठे झाले, तेही छापा

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतशैलीतला गायक जिमी रीड याचा १९६१ चा ‘अ‍ॅट कार्नेगी हॉल’ हा अल्बम न्यू यॉर्कच्या सभागृहाच्या नावामुळे मैफलीचा वाटतो. प्रत्यक्षात तो स्टुडिओतला आहे. आर्गो या रेकॉर्ड कंपनीच्या ‘फोक फेस्टिव्हल ऑफ द ब्लूज’ या अल्बमचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. तो कुठल्या महोत्सवातला नाही. जुलै १९६३ मध्ये शिकागोच्या कोपाकबाना क्लबात मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, बडी गाय गायले, ते हे मुद्रण. पुढे तोच अल्बम क्लबच्या नावाने निघाला, त्यामुळे एकच रात्र दोन वाटू लागली! शिवाय काही गाणी स्टुडिओतली, त्यांत टाळ्या मागाहून मिसळलेल्या. समोर श्रोते असताना गायक वेगळाच गातो, म्हणून हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. संगीतविषयक लेखांत अल्बमच्या नावावर विसंबू नये. गाणेनिहाय ठिकाण आणि तारीख द्यावी, ही विनंती.

– एक ब्लूजप्रेमी वाचक, पुणे