चिपळूणच्या घराचे दिवे

सातारा, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

चिपळूणच्या घराचं वायरिंग नव्याने करतोयस आणि सगळीकडे स्मार्ट दिवे लावायचे म्हणतोस. वायरमनला होकार देण्याआधी एवढं वाच.

दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं. साधे ९ वॉटचे एलईडी काढून वायफायवाले बसवले. आठ दिवस फोनवरून उजेड पिवळा-पांढरा करण्यात गेले. पण आईचा हात जन्मभर बोर्डाकडे गेलेला. ती बटण बंद करायची, आणि मग दिव्याला वीजच नाही, तर फोन काय करणार? म्हणून मी बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. एका रात्री वीज गेली आणि अडीचला परत आली. तिच्या खोलीतला दिवा भक्कन लागला. असे बरेच दिवे वीज आली की आपोआप लागतात. ते सेटिंग बदलता येतं, पण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बटणावर माझी पट्टी. मला उठवायला नको म्हणून ती उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली, आणि सकाळी चहा देताना सहज सांगावं तसं सांगितलं. अजून आठवलं की जिवाला लागतं.

म्हणून अण्णा-काकूंच्या खोलीत, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात साधा एलईडी आणि साधं बटण. जिन्याला वर-खाली टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडच्या बटणांनी लावता-बंद करता येईल. अण्णा रात्री उठतात ना? मग पॅसेजमध्ये माणूस हलला की लागणारा सेन्सरचा दिवा लाव. त्याला फोन लागत नाही, इंटरनेटही नाही. उजेड २७०० केल्विनचा, पिवळसर घे. झोपेतून उठल्यावर पांढरा डोळ्यांत घुसतो.

विजेच्या बिलाचं म्हणशील, तर ६० वॉटच्या जुन्या बल्बचं काम ९ वॉटमध्ये होतं ती करामत एलईडीची. स्मार्ट दिवा उलट बंद असतानाही थोडी वीज खातो.

अंगणातला दिवा मात्र जरूर स्मार्ट कर. ते दोघं तुझ्याकडे पुण्याला आले की घर बंद असतं, तो तिथून संध्याकाळी लावता येईल. फक्त बल्ब नको, बोर्डातला स्मार्ट स्विच घे, तो हातानेही चालतो. त्याला बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, लागते आणि आपल्याकडे बोर्डात अनेकदा नुसती फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणलेली असते. भिंती फोडलेल्याच आहेत, तर आत्ताच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल ओढून घे. नंतर पुन्हा छिन्नी-हातोडा नको. आणि राउटर इन्व्हर्टरवर टाक, म्हणजे वीज गेली तरी वायफाय चालू राहील.

अंधारात काकूंचा हात कुठल्या भिंतीकडे जातो ते त्यांना न विचारता दोन रात्री बघ, मग वायरमनला खूण करून दे. दोघांना माझा नमस्कार सांग. गिलावा व्हायच्या आत मी एकदा येऊन जातो.

तुझाच,
साताऱ्याचा दोस्त