होकार उद्याच कळव

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आता जन्मभर लोक मला ह्याच एका कामावरून ओळखणार का?" सध्या गॅदरिंगचे कपडे परत यायचे दिवस आहेत. दुकानात मास्तर लोक बोचकी घेऊन उभे होते, आणि असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देणं मला पटलं नाही. म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर लिहायला बसले आहे.

तुझा तो राजवाड्यातला सिनेमा मी पाहिला. आधी आई म्हणून पाहिला, मग ड्रेपरीवाली म्हणून. लोक तुला ‘ठोकळा’ म्हणतात ते मी वाचलंय, आणि तुझ्या हेलाला हसत त्या एका वाक्याचा तुकडा मोबाइलवर फिरतो तोही पाहिलाय. आपल्या अमळनेरची पोरंसुद्धा तो एकमेकांना दाखवतात. आता मला काय दिसलं ते ऐक. तुझ्या पगडीचा घेर तुझ्या डोक्यापेक्षा मोठा होता. घोड्यावरून उतरताना तुझा डावा हात वर गेला आणि तू तो अर्ध्यातून खाली आणलास, तिथेच मला कळलं. ज्याला पगडी सांभाळायची असते तो मान वळवत नाही, सगळं अंग वळवतो. पुढचे सगळे प्रवेश तू तसेच केलेस. मी गावातल्या नाटकासाठी पगडी देते तेव्हासुद्धा आतून सुती पट्टी लावते, डोकं मोजून. पट्टी नसेल तर जुन्या लुगड्याची घडी. त्याने घाम टिपला जातो, पगडी बसते, आणि माणूस पगडी विसरतो. ती विसरल्याशिवाय तो राजा होत नाही. एवढ्या मोठ्या सिनेमात हे कोणी पाहिलं नाही, याचा मला अजून राग आहे.

पण सगळंच पगडीवर ढकलणार नाही. दरबारातला प्रसंग तुझा तूच घालवलास. समोरचा म्हातारा नट जीव तोडून बोलत होता आणि तू त्याचं ऐकत नव्हतास, आपल्या वाक्याची वाट पाहत होतास. हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार? तेव्हा काम चांगलं झालं नाही, हे धरूनच पुढे बोलते.

तुला बोलना आबा आठवतात ना, पारोळ्याकडचे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी धोतरजोडी घ्यायला यायचे ते? त्यांचं खरं नाव गावात निम्म्या लोकांना माहीत नाही. तरुणपणी गावच्या नाटकात दूताचं काम होतं. वाक्य विसरले आणि नुसते उभे राहिले. आतून प्रॉम्प्टर ओरडला, "बोल ना!" ते सगळ्या मंडपाने ऐकलं. तेव्हापासून ते बोलना भाऊ, मग बोलना काका, आता बोलना आबा. पुढे त्यांनी विहिरी बांधल्या, सोसायटी सांभाळली, लेकी उजवल्या, पण नाव तेच राहिलं. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. नाव चिकटलं ते विसरण्याने चिकटलं नाही, विसरत तर सगळेच. ते पुन्हा कधी मंडपात चढले नाहीत. नट म्हणून त्यांना आठवायचं तर गावाजवळ दुसरं काहीच नव्हतं.

मला म्हणायचंय ते एवढंच. एक पडलेली भूमिका माणसाला चिकटते ती तिच्यानंतरच्या रिकाम्या जागेमुळे. आणि ती जागा कधी लोक रिकामी ठेवतात, कधी नट स्वतःच ठेवतो.

स्वतः ठेवणारा म्हणजे जॉर्ज लॅझेन्बी. शॉन कॉनरीने जेम्स बॉन्ड या गुप्तहेराचे पाच सिनेमे केले होते आणि लोकांच्या डोळ्यांसमोर तोच होता. त्याच्या जागी १९६९ साली हा ऑस्ट्रेलियन मॉडेल आला, ज्याने त्याआधी सिनेमात धड काम केलेलं नव्हतं. समीक्षकांनी त्याला कॉनरीशेजारी उभं करून मोजलं. पुढच्या सिनेमांचा करार समोर होता, पण बॉन्डचे दिवस संपले असं त्याच्या सल्लागाराने भरवलं आणि तो आपणहून बाहेर पडला. १९७१ मध्ये कॉनरीच परत आला. आज त्या १९६९ च्या सिनेमाला बॉन्डपटांतल्या उत्तम सिनेमांत धरणारे पुष्कळ आहेत. पण लॅझेन्बी म्हटलं की ‘एकदाच बॉन्ड झालेला’ एवढीच ओळख राहिली. दुसऱ्या वेळी तो सुधारला असता का, हे बघायची संधी त्याने कोणाला दिलीच नाही.

लोक जागा रिकामी ठेवतात ते जास्त वाईट, आणि त्यात न्याय नसतो. जॉर्ज क्लूनीचा १९९७ चा बॅटमॅन बघ. त्या सिनेमाबद्दल तो अजून लोकांची माफी मागतो. पण तेव्हा टीव्हीवर त्याची डॉक्टरांची मालिका जोरात चालू होती आणि वर्षभरात त्याचा दुसरा चांगला सिनेमा आला. लोकांना त्याला आठवायला बाकी खूप काही होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये, एलिझाबेथ बर्कली नावाच्या मुलीने ‘शोगर्ल्स’मध्ये लास व्हेगासच्या नाचणारीचं काम केलं होतं. वय बाविसाच्या आसपास, त्याआधी शाळकरी पोरांची एक मालिका, आणि हा पहिला मोठा सिनेमा. ते जे अंगावर येणारं, आरडाओरड्याचं काम आहे ते तसंच करायला दिग्दर्शकाने सांगितलं होतं. दोष द्यायचा तर मला द्या, हे ते दिग्दर्शक, पॉल व्हरहोवेन, पुढे स्वतः बोलले. पण तेव्हा काय झालं? सर्वांत वाईट सिनेमांची थट्टा करणारा जो रॅझी पुरस्कार असतो, तो घ्यायला व्हरहोवेन स्वतः मंचावर गेले, लोकांनी कौतुक केलं, आणि १९९७ मध्ये त्यांचा पुढचा मोठा सिनेमा पडद्यावर आला. तिला तिच्या एजंटांनी सोडून दिलं. एकच सिनेमा, एकच अपयश. ज्याने घडवलं त्याला पुढचं काम, जिने सांगितलं तसं केलं तिला घरचा रस्ता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, भाऊ. ती कोणाची तरी लेक आहे.

म्हणून कोण हसतंय आणि कशाला हसतंय, ते नीट पारखायला शिक. त्याच रॅझीवाल्यांनी पहिल्याच वर्षी ‘द शायनिंग’मधल्या शेली डुवॉलला सर्वांत वाईट नटीच्या यादीत घातलं होतं. भेदरलेल्या बाईचं काम होतं ते, आणि दिग्दर्शक कुब्रिक एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा करायला लावायचे. आज त्या सिनेमाचा अभ्यास होतो. ते नामांकन त्यांनी मागे घेतलं ते २०२२ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एका बारा वर्षांच्या मुलीचं नाव यादीत टाकलं, ओरड झाल्यावर काढलं, माफी मागितली आणि अठरा वर्षांखालच्यांना घेणार नाही असा नियम केला. लोक आपला निकाल बदलतात, पण त्यांच्या सवडीने. तोवर तुझं वय थांबणार नाही.

आता जे लिहिते ते जपून वाच. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये अहमद बेस्ट नावाच्या नटाने जार जार बिंक्सचं काम केलं. पडद्यावर त्याचा चेहरासुद्धा नव्हता. हालचाल आणि आवाज त्याचे, बाकी सगळं संगणकावर काढलेलं. जगभर त्या पात्राचा असा तिरस्कार झाला की २०१८ साली त्याने स्वतः लिहिलं, त्या काळात आपण जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो. ती जागा दाखवणारा फोटो त्याने टाकला, सोबत त्याचा लहान मुलगा उभा. २०२३ मध्ये त्याच जगातल्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत तो आला, या वेळी स्वतःच्या चेहऱ्याने, एका पोराला वाचवणारा योद्धा म्हणून, आणि लोक आनंदले. चोवीस वर्षं गेली मधे. भाऊ, रात्री अपरात्री मन फार खाली गेलं तर मला उठव. नानांना उठव. "आईची झोप मोडेल" असला विचार करू नकोस. रूमवर एकटा बसून तो तुकडा पुन्हा पुन्हा बघत असशील तर ते आजच बंद कर, आणि त्या खालचं वाचणंही.

आपल्याकडचं सांगायचं तर अमिताभ. १९६९ ला पहिला सिनेमा आला, नंतर एकामागून एक पडत गेले. ‘आनंद’ मध्ये होता, पण तो राजेश खन्नाचा सिनेमा म्हणून चालला. उंच, किरटा, चालत नाही, असं बाजारात ठरलं होतं. मग १९७२ मध्ये मेहमूदच्या गोतावळ्यातला ‘बॉम्बे टू गोवा’ आला. हलकाफुलका, बसमधला विनोदी सिनेमा. त्यात एक मारामारी आहे. मार खाऊन पडतो, उठतो, आणि च्युइंगम चघळणं चालूच. तेवढं बघून सलीम-जावेद यांना वाटलं की आपला ‘जंजीर’ हाच करील. मोठ्या मोठ्या नटांनी तो नाकारलेला होता. १९७३ पासून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्यातलं च्युइंगम महत्त्वाचं वाटतं. पडेल सिनेमांचा शिक्का बसलेला माणूस विनोदी सिनेमात काम करतोय, आणि तिथेही जबड्याकडे लक्ष देतोय. ते काम त्याने हलकं म्हणून सोडलं असतं तर दाखवायला काय होतं?

ललिता पवारांचं तुला आजी सांगायची. येवल्याच्या त्या, म्हणजे आपल्या वेशीवरच्याच. नायिका होत्या; १९४२ मध्ये चित्रीकरणात थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला, डोळा बारीक झाला. नायिकेचं दार बंद झालं, तर खाष्ट सासूच्या दाराने आत आल्या आणि ‘अनाडी’तली मिसेस डीसा करून लोकांना रडवलं. त्याही थांबल्या नाहीत.

आता तुझ्या कामाचं. धुळ्याकडे चित्रीकरण होणाऱ्या त्या सिनेमात एसटी कंडक्टरचे दोन प्रसंग तुला विचारलेत, अहिराणी बोलणारा कंडक्टर, आणि तू चार दिवस झाले अडून बसलास. नाना म्हणाले, तुला भीती वाटते की ज्या हेलाला लोक हसले तोच हेल पुन्हा ऐकतील. अरे, त्या सिनेमात तो हेल उपरा होता, कारण राजवाड्यात त्याला कोणी जागाच केली नव्हती. तो हेल सुधारायचा की ठेवायचा हे ठरवणं दिग्दर्शकाचं काम, ते त्याने केलं नाही. इथे तर त्यांना तोच हवा आहे, आणि तुला तो शिकायला कोणाकडे जावं लागणार नाही. आजी तुझ्याशी दुसऱ्या भाषेत कधी बोललीच नाही. काल शेजारच्या काकूंनी तुझा विषय काढला तेव्हा ती ओट्यावरूनच म्हणाली, "आपला पोऱ्या शे ना तो!" आणि विषय संपला.

दोन प्रसंग थोडे आहेत म्हणून नाही म्हणू नकोस. हो म्हण आणि लगेच कामाला लाग. अमळनेर स्टँडवर चोपड्याच्या गाडीत बस आणि फक्त कंडक्टरकडे बघ. गर्दीत तो कंबर कुठे टेकवतो, सुट्या पैशांसाठी बोलतो तेव्हा तोंड कोणाकडे असतं, म्हातारीला हात देताना तिकीट मशीन कुठे ठेवतो. आणि समोरचा प्रवासी बोलेल तेव्हा त्याचं ऐक. दरबारात राहिलं ते इथे कर.

खाकी कपडे ते लोक देतील, तर घालून बघितल्याशिवाय सेटवर उभा राहू नकोस. खांद्यात सैल असेल किंवा पट्टा घसरत असेल तर धुळ्याहून येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठव, मी रात्रीत आत घेऊन देईन. नाना पुढच्या आठवड्यात खान्देश एक्सप्रेसने येतायत, त्यांच्याबरोबर बिबडे आणि कळण्याचं पीठ देते. पैशांची ओढ असेल तर त्यांना मोकळेपणी सांग, ते विचारणार नाहीत.

होकार उद्याच कळव त्यांना, आणि तारखा मिळाल्या की मला.

तुझी,
आई